सभासद कोणास म्हणावे?



पुणे जिल्ह्याच्या या भूमीत, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या आपणां पतसंस्थांच्या संचालकांचे, चिटणिसांचे व सभासदांचे स्वागत करीत असता मला प्रथम स्मरण होते ते याच जिल्ह्यातील सुपे गावाचे. कारण १२ मे १८७५ रोजी, भर बाजाराच्या दिवशी, तेथील कुळांनी सावकारांच्या घरादुकानांवर जी धाव घेतली, ती मुख्यतः त्यांची खतपत्रे व वह्या हस्तगत करून अग्नीच्या स्वाधीन करण्यासाठी. आपल्या नावावर काय मांडले गेले आहे हे ज्यास वाचता येत नव्हते आणि विचारण्याची ज्याची प्राज्ञा नव्हती, त्याचा संताप कागदावर निघाला. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, दुसऱ्याच वर्षी तत्कालीन मुंबई इलाख्यात गदगजवळच्या कणगिनहाळ येथे पतपेढी निघाली, आणि धनको व ऋणको एका पंक्तीस बसून वही उभयतांची झाली. बोस्टन शहराचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांनी १९०७ मध्ये हिंदुस्थानात येऊन खेड्यांतील या पतपेढ्या पाहिल्या आणि स्वदेशी परतल्यावर तिकडील क्रेडिट युनियनच्या चळवळीस वाहून घेतले. त्या युनियनांतही सभासदत्व समान बंधावर, म्हणजे एकच मालक, एकच संघ वा एकच वस्ती यांवर, अधिष्ठित असते.

बंध हवाच. उपविधींतील कार्यक्षेत्राची मर्यादा किंवा नोकरदारांच्या संस्थेत त्या आस्थापनेतील नोकरीची अट मला अन्यायाची वाटत नाही, कारण जेथे परस्परांची ओळख नाही तेथे जामिनास अर्थ नाही. मात्र ज्यास आपण कर्ज देतो, ज्याच्याकडून व्याज वसूल करतो, त्यास केवळ नाममात्र सभासद करून मताच्या अधिकारापासून वर्षानुवर्षे दूर ठेवण्याचा प्रघात ज्या संस्थांत पडला आहे, तेथे ती पंक्ती मोडली असेच मी म्हणेन. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचे २३ वे कलम पुरेशा कारणावाचून पात्र माणसास सभासदत्व नाकारू देत नाही. २२ व्या कलमान्वये नकार सकारण कळवावा लागतो, आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच न कळविल्यास अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो.

या कलमाची ओळख मला फार उशिरा झाली. मी एका पतसंस्थेचा चिटणीस असताना ऊसतोडणीवरून परतलेल्या एका बाईंचा अर्ज आला. वर्षातील निम्मे दिवस त्या गावाबाहेर असल्यामुळे त्यांना कार्यक्षेत्रातील रहिवासी मानावे किंवा कसे, असा प्रश्न उपस्थित झाला, आणि ‘पुढील सभेत विषय ठेवावा’ असा शेरा मारून मी तो अर्ज बासनात ठेवला. चार मासिक सभा उलटल्या. बाई पुन्हा दारी आल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, नाही तर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा.’ मी त्यांना पुढची तारीख दिली. वास्तविक त्या दिवशी त्या कायद्याने सभासद झालेल्या होत्या, आणि एका सभासदास मी कचेरीच्या पायरीवरून परत पाठविले. ही चूक माझी होती, आणि ती भरून काढण्यास त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत.

खात्यावरील निर्बंधांची कथाही याच जातीची आहे. थकबाकीपोटी सभासदाच्या भागांवर व ठेवींवर संस्थेचा बोजा राहतो, हे कायद्यास धरून आहे आणि संस्थेच्या रक्षणास आवश्यकही आहे. परंतु मुलीच्या लग्नासाठी ठेव मोडावयास आलेल्या जामीनदारास आपले खाते गोठविल्याची वार्ता रोखपालाच्या खिडकीशी, चारचौघांदेखत कळावी, हे कोणत्या कलमात बसते? सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि प्रथम सहा महिन्यांसाठी खात्यामागे अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली, तेव्हा दाराशी जमलेल्या वृद्धांचे चेहरे आपण वृत्तपत्रांतून पाहिले आहेत. बँकांतील ठेवींना आज ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. आपल्या पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. आपल्या ठेवीदाराचा सारा भरवसा संस्थेच्या शब्दावर असतो, म्हणून ज्या दिवशी खाते रोखावयाचे त्याच दिवशी त्याचे कारण, रक्कम, मुदत आणि दाद कोठे मागावी याची माहिती त्याच्या हाती लेखी, आणि त्यास समजेल अशा मराठीत, पडली पाहिजे.

या आशयाच्या ठरावाचा मसुदा स्वागतसमितीने प्रतिनिधींच्या हाती दिला आहे. प्रत्येक संस्थेने प्रलंबित अर्जांची यादी दर महिन्याच्या सभेत वाचून कार्यवृत्तात नोंदवावी, असे एक कलम मी आग्रहाने त्यात घातले आहे. त्यावर आज दुपारच्या सत्रात मोकळी चर्चा व्हावी, आणि ज्यांस ते अव्यवहार्य वाटते त्यांनी प्रथम बोलावे, अशी विनंती करून मी अध्यक्षमहाराजांना स्थानापन्न होण्याची प्रार्थना करतो.