छायाचित्रावर फिरणारा हात

छायाचित्र घेतल्यावर त्यावर किती हात फिरवावा, हा वाद डिजिटल कॅमेऱ्याबरोबर जन्मला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो जुना आहे. ॲन्सेल ॲडम्स यांनीं १९४१ सालीं अमेरिकेंतील हर्नांडेझ गांवावर उगवलेला चंद्र टिपला. पुढें प्रती काढतांना ते त्यांतील आकाश उत्तरोत्तर काळें करीत गेले. इतकें कीं, आरंभींच्या प्रतींतील फिकट ढग नंतरच्या प्रतींत लोपले. तरी तें चित्र अभिजात ठरलें.

आतां दुसरें उदाहरण पाहा. नार्सिसो कॉन्ट्रेरास यांनीं २०१३ सालीं सीरियांतील एका बंडखोर सैनिकाचें छायाचित्र घेतलें. कोपऱ्यांत एका सहकाऱ्याचा कॅमेरा आला होता. तो त्यांनीं संगणकावर पुसून टाकला. बदल नखाएवढा! परंतु २०१४ च्या जानेवारींत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें त्यांच्याशीं संबंध तोडले. मला तो निर्णय कठोर वाटतो, पण योग्यही वाटतो. वृत्तचित्र ही साक्ष आहे, आणि साक्षीदारानें एक शब्द गाळला तरी बाकीच्यांवरचा विश्वास ढळतो.

ॲडम्स यांस मात्र मी सर्वस्वीं निर्दोष म्हणणार नाहीं. १९४४ सालच्या त्यांच्या सिएरा नेवाडावरील सूर्योदयाच्या चित्रांत, लोन पाइन येथील शाळकरी मुलांनीं टेकडीवर पांढऱ्या रंगानें काढलेलीं गांवाचीं आद्याक्षरें आलीं होतीं. तीं त्यांनीं पुसलीं. चित्र कलेचें, वृत्तपत्राचें नव्हे, हें खरें. तथापि काळ्या केलेल्या आकाशाहून ही खाडाखोड मला मोठी वाटते. कारण त्या टेकडीवर मुलें चढलीं होतीं, आणि चित्र म्हणतें कीं, तेथें कोणी गेलेंच नव्हतें.