पुन्हा सांगा, बाई

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



आजचा विषय तुम्हाला व्याकरणाच्या तासातला वाटेल. ‘पुनरुच्चार करणे’ हे क्रियापद. आपल्या ठरावांत ते हमखास असतं: ‘ही सभा आपल्या मागणीचा पुनरुच्चार करीत आहे.’ वर्तमानपत्रातही रोज दिसतं. मंत्र्यांनी आश्वासनाचा पुनरुच्चार केला, पक्षाध्यक्षांनी भूमिकेचा पुनरुच्चार केला. अर्थ सरळ आहे. एकदा सांगितलेलं मुद्दाम परत सांगायचं, त्यावर जोर यावा म्हणून किंवा शंका राहू नये म्हणून.

हेच बाई करते तेव्हा मराठीत कोणते शब्द येतात? ती भुणभुण करते, पिरपिर लावते. तिचं तुणतुणं चालू असतं, रडगाणं संपत नाही. नवऱ्याला पगाराबद्दल तिसऱ्यांदा विचारलं की ती कटकट. ‘तेच ते दळण’ हा तर कहर आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातं ओढलं बायकांनी, आणि त्याच कामाचं नाव त्यांच्या बोलण्याला हिणवायला वापरायचं! मंत्र्याने दळण दळलं असं कुणी बातमीत लिहीत नाही.

शब्दांपुरतंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात याची किंमत मोजावी लागते. बलात्काराची तक्रार करणारी बाई किती वेळा सांगते ते बघा. आधी घरात. मग ठाण्यात फिर्याद. मग तपासात पुरवणी जबाब, दवाखान्यात डॉक्टरांपुढे, मॅजिस्ट्रेटपुढे, आणि कधी कधी दोन-चार वर्षांनी कोर्टात सरतपासणी. त्यानंतर उलटतपासणी. प्रत्येक जण म्हणतो, ‘पुन्हा सांगा, बाई.’ यातलं एकही सांगणं ‘पुनरुच्चार’ धरलं जात नाही. ती ठामपणे तेच सांगते आहे म्हणजे खरं असेल, असा विचार कुणी करत नाही. आधीचा कागद शेजारी ठेवून फरक कुठे सापडतो ते शोधलं जातं. अक्षर न्‌ अक्षर जुळलं, तर ‘पढवून आणली आहे’ म्हणायला वकील मोकळे.

मथुरा खटला आपल्याला माहीत आहे. 26 मार्च 1972, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, हे मुद्दे आपण नेहमी सांगतो. आणखी एक मुद्दा मात्र मागे पडतो. पहिल्या तक्रारीत तिने एका पोलिसावर ठेवलेला गंभीर आरोप साक्षीत दुसऱ्यावर ठेवला, म्हणून पहिल्याविरुद्ध तिच्या शब्दावर भिस्त ठेवता येत नाही, असं न्यायालयाने धरलं. ती पहिली तक्रार लिहिली कुणी? त्याच ठाण्यात, पोलिसांनीच. सांगणारी होती एक गरीब, निरक्षर आदिवासी मुलगी. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पुढे देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

फरक पडतो कसा, हे ज्यांनी ठाण्यात बसून जबाब होताना पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे. बाई म्हणते, ‘त्यानं मला दंडाला धरून फरफटत आत नेलं.’ कागदावर उतरतं, ‘सदर इसमाने माझेशी जबरदस्ती केली.’ शेवटी छापील वाक्य, ‘माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ तीन वर्षांनी ती कोर्टात दंडाला धरल्याचं सांगते. लगेच प्रश्न: हे पोलिसांना सांगितलं होतं का? मग जबाबात का नाही? कायद्यात तरतूदच आहे की महत्त्वाची गोष्ट जबाबात सुटली असेल तर ती विसंगती धरता येते. मग ‘हे नंतर जोडलेलं आहे’ असा शिक्का.

खरं तर दुसऱ्या-तिसऱ्यांदा सांगतानाच माणसाला सांगता येतं. मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई पहिल्या दिवशी ‘मारतो’ एवढंच म्हणते. पंधरा दिवसांनी पैशांचं निघतं. अंथरुणातल्या जबरदस्तीबद्दल बोलायला तिला सहा महिने लागतात, तेही पाठमोरी बसून, भाजी निवडता निवडता. याला आपण खोटं म्हणणार का? तिचं तिलाच स्पष्ट होत जातं. पुनरुच्चाराचा दुसरा अर्थ, शंका दूर करणं, तो इथे आहे.

न्यायालयांना हे कळत नाही असंही नाही. 1983 मध्ये भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साक्षीदाराच्या मनात चित्रफीत नसते, किरकोळ तफावतींना अवास्तव महत्त्व देऊ नये. तो खटला लैंगिक अत्याचाराचाच होता. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2012 च्या कायद्यात, मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये असं कलम आहे. 2013 च्या दुरुस्तीने अपंग स्त्रीचा मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब हीच सरतपासणी मानायची सोय केली; कोर्टात ते सगळं परत वदवून घ्यावं लागत नाही, उलटतपासणी तेवढी होते. 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. म्हणजे एकदा सांगून भागू शकतं, हे कायद्याने मान्य केलं आहे. मग बाकीच्या बायकांसाठी का नाही, हे आपण विचारायला हवं.

तोपर्यंत आपल्या हातातलं काय? फिर्याद वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वाचून दाखवल्याशिवाय बाईला सही करू देऊ नका. ‘जबरदस्ती केली’वर थांबू नका, तिचे शब्द तिच्या बोलीत घालायला लावा, मग ती वऱ्हाडी असो की अहिराणी. हवालदार कंटाळेल. कंटाळू दे.

आणि आपल्या केंद्रांचंही बघू. आपल्याकडे सोमवारी एक ताई बसते, बुधवारी दुसरी. आलेल्या बाईला दोघी विचारतात, मग वकीलबाई विचारते, मग एखादा पत्रकार येतो आणि ‘जरा त्यांना सांगाल का’ म्हणून आपणच तिला पुढे करतो. हे मला साफ अमान्य आहे. पहिल्या भेटीची नोंद नीट असेल तर पुढचीने ती वाचून सुरुवात करावी. तिला आपणहून परत सांगायचं असेल तेव्हा मात्र घड्याळाकडे बघू नये, आणि ‘हे मागेच सांगितलंत’ असं तर मुळीच म्हणू नये. नोंदीत तारीख घालून लिहावं: आज तिने हे पुन्हा सांगितलं, आणि त्यात हे नवीन आलं.

दोन केंद्रांच्या नोंदवह्यांचे नमुने, नावं काढून, मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीत चाळा. दुपारी गटात बसून त्यातली पहिल्या भेटीची नोंद आपण सगळ्याजणी लिहून बघणार आहोत.