दोन आकड्यांत मावणारं सर्किट



टॉर्चमधला जुना सेल मल्टिमीटरला लावला, तर मीटर १.४ व्होल्ट दाखवतो. सेल चांगला आहे म्हणून परत टॉर्चमध्ये घालावा, तर बल्ब जेमतेम मिणमिणतो. मीटर खोटं सांगत नाही. तो करंट जवळजवळ घेतच नाही, बल्ब मात्र घेतो. समजा, जुना होता होता सेलचा आतला रोध ९ ओहमवर गेलाय आणि बल्बचा रोध ५ ओहम आहे. मग बल्बच्या वाट्याला अर्धा व्होल्टच येतो.

सेलमधली सगळी रसायनं दोन आकड्यांत आली: व्होल्टेज आणि त्यामागचा रोध. कितीही गुंतागुंतीचं सर्किट असो, बाहेर आलेल्या दोन टोकांपुरतं ते असंच मांडता येतं, हे फ्रान्सच्या तारखात्यातले इंजिनिअर लेओं थेवेनँ यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलं. जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच ते मांडलं होतं, तेही प्राण्यांच्या शरीरातल्या विजेचा अभ्यास करताना!

विद्यार्थी हमखास फसतात ती जागा सांगतो. १२ व्होल्टचा सप्लाय, त्यावर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ओळीनं. मधल्या जोडावर ६ व्होल्ट मिळतात. तिथं १ किलोओहमचं लोड जोडलं की उरतो १ व्होल्ट. कारण त्या जोडाकडून पाहिलं तर दोन्ही रेझिस्टर समांतर, म्हणजे ६ व्होल्टमागे ५ किलोओहम उभे आहेत. एवढं कळलं की लोड शंभर वेळा बदला, दर वेळी एक भागाकार पुरतो. आणि सर्किट बंद डब्यात असेल तर? टोकांना पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर, जोडा, व्होल्टेज निम्मं होईपर्यंत फिरवा, मग पॉट काढून मोजा. तोच आतला रोध. मला ही युक्ती फार प्रिय आहे.

मात्र डायोडसारखे वाकड्या चालीचे भाग आत असले, तर हा हिशेब सरळ लागू पडत नाही. शिवाय आत किती उष्णता होते, हेही त्यातून कळत नाही. लोड नसतानाही ते दोन रेझिस्टर ७.२ मिलिवॅट खातच असतात.

तुमच्या रेडिओची एरियलसुद्धा इंजिनिअरच्या कागदावर अशीच असते: एक इवलासा स्रोत आणि त्यामागचा इम्पीडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा रोध. माझा आवाज तुमच्यापर्यंत येतोय, तो त्याच दोन टोकांतून.