वाढतें गांव आणि मुरतें पाणी



आषाढवारीच्या दिवसांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे जाते. त्या वाटेनें पायीं चालणाऱ्या मनुष्यास दोनच गोष्टींचें मोल खरें कळतें; एक सावली आणि दुसरें पाणी. या दोहोंचें नातें काय आहे, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. वारकऱ्यास जें एका दुपारीं कळतें, तें गांवांत कायम राहणाऱ्या आपणांस पुष्कळदां वर्षानुवर्षें कळत नाहीं.

माळशिरस तालुका मूळचा कमी पावसाचा. उत्तरेच्या कडेनें नीरा वाहते आणि संगम या गांवापाशीं भीमेस मिळते; परंतु मधला माळ कोरडाच. अशा मुलखांत पाणी धरून ठेवणें हें आमचे पूर्वज धर्मकार्यच समजत. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवालयापुढील कुंड पाहिलें म्हणजे त्याची साक्ष पटते.

पुढें काळ पालटला. १९२८ सालीं भाटघरचें नवें धरण पुरें झालें आणि नीरेच्या उजव्या कालव्यानें सह्याद्रींतील पाणी या माळावर आणलें. सासवडच्या माळी बागाइतदारांनीं येथें येऊन ऊंस लाविला, १९३२ सालीं आपला साखर कारखाना स्थापिला आणि माळीनगर वसविलें. बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपुरास उभा राहिला. पाण्यामागून पैसा आला, पैशामागून वस्ती आली. माळशिरसास नगरपंचायत झाली; २०२१ सालीं अकलूजला नगरपरिषद व नातेपुत्यास नगरपंचायत मिळाली. खेडीं शहरें होऊं लागलीं, यांत खेद मानण्याचें कारण नाहीं. शाळा, दवाखाने, व्यापार हीं सुखें कोणास नकोत?

परंतु शहर वाढतें तें कशावर, हें पाहिलें पाहिजे. गांवालगतचा मळा मोडतो, त्याचे प्लॉट पडतात. बांधावरचा लिंब जातो, ओढा अरुंद होतो, अंगणांत फरशी बसते. पालखीमार्गाचें रुंदीकरण झालें तेव्हां रस्त्याकडेचे जुने वृक्षही गेले. रस्ता हवाच होता. पण रस्ता दोन-चार वर्षांत होतो आणि वडाची सावली होण्यास दोन पिढ्या लागतात, हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकांत मांडलेला नसतो.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं या. आपल्याकडील जमिनीखालीं काळा कातळ आहे. पावसाचें पाणी मातींतून मुरमांत आणि मुरमांतून कातळाच्या भेगांत उतरतें. तेंच विहिरींत येतें. अशा भूमींत पडलेल्या पावसाचा सुमारें दहावा हिस्सा मुरला तरी पुष्कळ. झाडाच्या मुळ्या माती भुसभुशीत ठेवतात, पालापाचोळा पाण्याची धांव रोखतो, म्हणून तेवढें तरी मुरतें. तेथें सिमेंट पडलें कीं तोही हिस्सा गटारांत जातो, आणि आषाढांत ज्या घरापुढें गुडघाभर पाणी सांचतें त्याच घरापुढें वैशाखांत टँकर उभा राहतो.

वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर एका गुंठ्यावर सुमारें ५०,००० लिटर पाणी पडतें. हा आंकडा ध्यानांत ठेवा. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून तहानलेल्या लातुरास पाण्याची पहिली आगगाडी पोंचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकींत सुमारें ५०,००० लिटर पाणी होतें. म्हणजे आपल्या एका गुंठ्यावर दरवर्षी एक वाघीण रिकामी होते, आणि आपण तिला नालीची वाट दाखवितों!

कोणी म्हणेल, आम्हांस कालवा आहे, भीमेवर उजनीसारखें विशाल धरण आहे, चिंता कशाची? परंतु कालव्याचें पाणी आवर्तनानें येतें, आणि दोन आवर्तनांमधील अंतर पाऊस ठरवितो. कालव्यालगतच्या विहिरी भरतात त्याही बऱ्याच अंशीं त्याच्याच पाझरावर. उजनीची गोष्ट तर ताजीच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यांत तिचा उपयुक्त सांठा संपून मृतसांठ्यांतून पाणी उपसावें लागलें. त्याच धरणावर अवलंबून असलेल्या सोलापूर शहरास कित्येक दिवसांआड नळाची वाट पाहण्याची संवय जुनीच आहे. दुरून येणारें पाणी हें सावकाराच्या पैशासारखें असतें. मिळतें तोंवर आपलें, अडलें कीं परक्याचें.

मग करावयाचें काय? ५०० चौरस फुटांचें साधें छप्पर घ्या. नासधूस वजा जातां त्यावरून वर्षाला २०,००० लिटर पाणी हातीं येऊं शकतें. माणशीं रोज ५५ लिटर धरले तर पांच माणसांच्या घराची दोन महिन्यांहून अधिक सोय झाली. राज्याच्या २०२० च्या विकास नियमांनीं ५०० चौरस मीटर व त्यावरील भूखंडांस पाऊस सांठविण्याची सक्ती केली आहे. परंतु आपल्या गांवांतील घरें एक-दोन गुंठ्यांचीं. तीं या सक्तींतून सुटतात, आणि अशा सुटलेल्या घरांचेंच गांव बनतें. म्हणून येथें कायद्याची वाट पाहून भागणार नाहीं.

पालिकांनीं ओढ्यांच्या हद्दी आंखून त्यांवर बांधकाम होऊं देऊं नये, आणि नव्या वसाहतींतील मोकळी जागा खरोखर मोकळी व झाडांची राहील हें पाहावें. गृहस्थांनीं अंगणाचा निदान एक कोपरा मातीचा ठेवावा, छपराचें पाणी हौदांत घ्यावें, उरलेलें जुन्या विहिरींत गाळून सोडावें. बुजवलेली विहीर पुन्हां खणण्यापेक्षां आहे ती राखणें किती तरी स्वस्त आहे.

पुढच्या आषाढांत पालखी पुन्हां येईल. दारीं आलेल्या वारकऱ्यास तांब्याभर पाणी देण्यांत माळशिरसकरांनीं कधींच हात आंखडला नाहीं. तो तांब्या आपल्याच विहिरींतून भरतां यावा, एवढी तजवीज मात्र आतांपासून केली पाहिजे.