राखेतले द्राक्षमळे



आजच्या व्याख्यानाच्या जाहिरातीत ‘निसर्गरम्य’ असा एक शब्द पडला आहे. तो चिटणीसांनी घातलेला आहे, आमचा नव्हे. निसर्गरम्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडी, धबधबा, धुके असे काही उभे राहते. आम्ही ज्या बेटाविषयी बोलणार आहोत तिथे नदी नाही, अरण्य नाही आणि वर्षाकाठी पाऊस पडतो तो दीडशे मिलिमीटरच्या आतबाहेर. माणदेशातल्या माणसालाही कीव यावी अशी ही अवस्था. तरीही आज वर्षाला तीस लाखांच्या आसपास माणसे ते बेट पाहायला जातात. मग ती पाहतात तरी काय?

बेटाचे नाव लान्सारोते. स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांपैकी हे एक, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सव्वाशे किलोमीटरवर. क्षेत्रफळ 845 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढे. सारे बेट ज्वालामुखींनी समुद्रातून वर काढलेले आहे. पण आज दिसते ते त्याचे रूप बरेचसे अलीकडच्या एका संकटाने घडवले आहे.

1 सप्टेंबर 1730 ची रात्र. नऊ ते दहाच्या सुमारास तिमानफाया या गावाजवळ जमीन फाटली आणि पाहता पाहता तिथे डोंगर उभा राहिला. यायसा गावच्या पाद्रीबुवांनी, आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी, हे सारे टिपून ठेवले. लाव्हारस कोणत्या गावाकडे वळला, विषारी वाफांनी गुरे कशी कोसळली, मेलेले मासे किनाऱ्यावर कसे येऊन पडले, हे सगळे त्यात आहे. मूळ वही पुढे हरवली. जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ लेओपोल्ड फॉन बुख यांनी तिच्यातला मजकूर आपल्या लेखनात घेतला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. नोंदी 1731 च्या अखेरीस थांबतात, कारण स्वतः पाद्रीबुवाच बेट सोडून ग्रान कानारियाला गेले. डोंगर मात्र थांबले नाहीत. 16 एप्रिल 1736 पर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ, उद्रेक चालू होता. बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला. गेला तो धान्याचा सुपीक भाग होता, हे इथे विशेष ध्यानात घ्यावे.

तिथला शेवटचा उद्रेक 1824 सालचा. पण जमीन अजून निवलेली नाही. तिमानफायाच्या राष्ट्रीय उद्यानात, जे 1974 साली जाहीर झाले, एका टेकाडावर तिथला सेवक आपल्या तळहातावर मूठभर खडी ठेवतो. आम्ही ती घेतली आणि लगेच टाकली. मग त्याने वाळकी काटेरी झुडपे एका खड्ड्यात सारली. काडी न लावता ती भडभडून पेटली. तेरा मीटर खोलीवर तापमान सहाशे अंशांच्या आसपास नोंदले गेले आहे. शेजारच्या उपाहारगृहात तर विहिरीसारख्या एका भोकावर जाळी टाकून मांस भाजतात. सरपण नाही, कोळसा नाही. आम्ही बटाट्यांवर समाधान मानले.

आपल्या सह्याद्रीचा कातळ या लाव्ह्याचाच भाऊबंद. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या दगडात कोरली तोही असाच लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून झालेला. आपली काळी जमीन त्याच दगडाची झीज होऊन तयार झाली. त्याला किती युगे लागली असतील, त्याचा हिशेब विद्वानांनी करावा. लान्सारोतेच्या शेतकऱ्याला मात्र इतके थांबायला सवड नव्हती.

त्याने काय केले ते ला हेरिया नावाच्या खोऱ्यात पाहायला मिळते, आणि आमच्या मते त्या बेटावर पाहावे असे हेच आहे. डोंगर ओकलेली काळी, हलकी, सच्छिद्र खडी तिथे पुरुषभर खोल पसरली होती. शेतकऱ्याच्या ध्यानात आले की खालची जुनी माती काही नष्ट झालेली नाही, नुसती झाकली गेली आहे. तेव्हा त्याने खडीत नरसाळ्यासारखे खड्डे खणले, कुठे दोन तर कुठे तीन मीटर खोल, आणि तळाच्या मातीत एकेक वेल लावली. अटलांटिकवरचे वारे बाराही महिने वाहतात, म्हणून प्रत्येक खड्ड्याच्या वाऱ्याकडील काठावर अर्धचंद्राकृती गडगा रचला, चुन्यावाचून. रात्री हवेतला ओलावा ही खडी शोषून घेते आणि दिवसा उन्हाला तो परत नेऊ देत नाही. आपल्याकडे झाडाला आळे करतात ते ओतलेले पाणी धरण्यासाठी. इथे आळे आहे ते न ओतलेले पाणी धरण्यासाठी! ज्या राखेने शेते बुडवली तीच पुढे इतकी मोलाची ठरली की, जिथे ती पडली नव्हती तिथेही लोक ती वाहून नेऊन पाच-सहा बोटे जाडीचा थर अंथरू लागले. त्याखाली कांदे आणि रताळी होतात.

बाकीची स्थळे थोडक्यात सांगतो. उत्तरेकडे ला कोरोना ज्वालामुखीच्या लाव्ह्याने केलेला सहा किलोमीटरांहून लांब बोगदा आहे, आणि त्याचे शेवटचे टोक समुद्राखाली गेलेले आहे. त्याच्या एका भागात, ‘कुएवा दे लोस वेर्देस’मध्ये, चाचे आले की बेटावरची माणसे लपत. तिथे शेवटी एक गुपित दाखवतात आणि ते बाहेर न फोडण्याची विनंती करतात. आम्हीही फोडणार नाही. दुसऱ्या भागात, ‘हामेओस देल आग्वा’मध्ये, काळोख्या खाऱ्या तळ्यात नखाएवढे पांढरे, आंधळे, खेकड्यासारखे जीव आहेत. तळे दिसताच आमच्या एका सोबत्याचा हात सवयीने खिशातल्या नाण्याकडे गेला. सेवकाने तो वेळीच धरला. नाणी गंजली की हे जीव मरतात.

या गुहेला आजचे रूप दिले ते सेसार मानरिके या चित्रकाराने. जन्म 1919, बेटाची राजधानी अर्रेसिफे इथला. माद्रिद आणि न्यूयॉर्क पाहून 1966 साली तो गावी परतला आणि लाव्ह्याच्या पाच पोकळ बुडबुड्यांत त्याने आपले घर थाटले. प्रवासी येणार हे त्याने ओळखले होते. ते काय पाहायला येणार याची मात्र त्याला चिंता होती. रस्त्याकडेला जाहिरातीचे फलक नकोत, उंच इमारती नकोत, घरे पांढरी आणि ठेंगणी असावीत, असा आग्रह त्याने मांडला, आणि अधिकाऱ्यांनी तो पुष्कळसा मानलाही. पुढे 1980 नंतर किनाऱ्यावर हॉटेले धडाधड उठू लागली, तेव्हा ज्यांच्यासाठी त्याने काम केले त्यांच्याच विरुद्ध तो उघड बोलू लागला. 1992 साली मोटार अपघातात तो गेला. त्याचा वाद काही गेला नाही. 20 एप्रिल 2024 रोजी कॅनरी बेटांत हजारो लोक रस्त्यावर आले. घरभाडी परवडत नाहीत, पाणी पुरत नाही, आता मर्यादा घाला, हे त्यांचे म्हणणे होते. लान्सारोतेचे पिण्याचे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तक्रारीचे वजन कळते.

ला हेरियात आम्ही उतरलो तेव्हा एक वृद्ध गृहस्थ ढासळलेला गडगा पुन्हा रचीत होते. वाटाड्याच्या मध्यस्थीने चार शब्द बोलणे झाले. या खड्ड्यांत यंत्र उतरत नाही; खणणे, छाटणे, तोडणी, सारे हातांनी. मुलगा काय करतो, असे आम्ही विचारले. तो प्रवाशांची बस चालवतो, ते म्हणाले. त्यात पगार बरा मिळतो. बसमधून लोक काय पाहायला येतात, हे विचारायची आम्हाला गरज वाटली नाही, कारण आम्ही त्यांच्या गडग्याचे छायाचित्र नुकतेच घेतले होते. त्यांनी एक दगड उचलला, दोनदा फिरवून पाहिला, बसेना म्हणून बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. तेवढ्यात आमच्या गाडीचा भोंगा वाजला.