मुंबई बघायला निघताना
(प्रभागसंघाच्या मोडनिंब येथील मासिक बैठकीत, सहलीला जाणाऱ्या सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परवा रात्री आपण मुंबईला निघतोय. मी दोन वेळा महालक्ष्मी सरसला शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा स्टॉल घेऊन मुंबईला गेले होते. म्हणून अध्यक्षताई म्हणाल्या, तिथं काय बघायचं ते तूच सांग. बोलते, पण त्याआधी एक विषय मिटवून टाकू.

"गटाच्या पैशावर बायका मुंबई हिंडायला निघाल्या" असं पारावर बोललं जातंय. आपल्या बचतीतला किंवा फिरत्या निधीतला एक रुपयाही या सहलीत नाही. प्रत्येकीनं दर आठवड्याला वेगळे पैसे टाकलेत, त्याची वही वेगळी आहे आणि ती लेखापालताईंकडं कुणीही येऊन बघावी. दुसरं, आपल्या एका सदस्येच्या सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाला पंढरपूर सोडून आणखी कुठं जायचं असतं गं?" आत्यांचं वय मोठं, मी त्यांना उलटून बोलले नाही. तुम्हाला मात्र सांगते. पंढरपूरला आपण देव बघायला जातो, मुंबईला बाजार बघायला निघालोय. दोन्हीकडं गर्दी सारखीच असते.

आता नीट ऐका. मुंबईत जिथं जिथं थांबू तिथं इमारत बघा, फोटो काढा, पण एक गोष्ट विसरू नका. इथं काम कोण करतंय आणि पैसा कुणाच्या हातात पडतोय, हे बघायचं. आपल्याकडं बोरं वेचते कोण? डाळिंब निवडून क्रेटात भरते कोण? आणि गाडी गेल्यावर अडत्याकडून जी पट्टी येते ती कुणाच्या खिशात जाते? हसू नका, उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे. मुंबईत काही जागा अशा आहेत की तिथं हे उत्तर वेगळं मिळतं. त्या बघायच्यात.

कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरू. उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. रस्ता ओलांडून पलीकडं जायचं आणि मागं वळून स्टेशन बघायचं. १८७८ साली काम सुरू झालं, बांधायला दहा वर्षं लागली. २००४ साली जागतिक वारशात त्याचं नाव गेलं. मधल्या मोठ्या घुमटावर हातात मशाल धरून उभी आहे ती एक बाई आहे. प्रगतीची मूर्ती म्हणून बसवलीय. आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला याच भागातून, बोरीबंदरहून, ठाण्याला गेली. आपल्या मोडनिंबवरून जाणारी बार्शी लाईटची छोटी गाडी त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, १९०६ साली, पंढरपूरपर्यंत पोहोचली. जुन्या माणसांना ती गाडी आठवत असेल.

स्टेशनवर तोंड धुऊन, चहा घेऊन आपण बेस्टच्या बसनं थेट कुलाब्याला जायचं, ससून डॉकला. वास येईल, नाकाला पदर लावू नका. कुणाच्या कामाच्या जागी जाऊन नाक दाबायचं नसतं. हा धक्का १८७५ सालचा. लिलाव पहाटेच उरकतो, पण बाकीचं काम सकाळभर चालू असतं. मासेमारीत समुद्रावर पुरुष जातात आणि बाजार कोळीण सांभाळते. लिलावात बोली लावणारी ती, टोपली भरणारी ती, गिऱ्हाइकाशी भाव करणारी ती, आणि कमरेची पैशाची पिशवीपण तिचीच. हिशेब घरी जाऊन ती सांगते, तिला कुणी सांगत नाही.

पण त्याच धक्क्यावर एका बाजूला बायका ओळीनं खाली बसून कोळंबी सोलत असतात. त्यांना मजुरी सोललेल्या मालावर मिळते. हात दिवसभर बर्फात आणि पाण्यात, बोटांची सालं निघतात. एकच धक्का, एकच मासळी. एक बाई मालाची मालकीण आहे आणि दुसरी मजूर. दोघींना बघा आणि आपण आपल्या बांधावर या दोघींपैकी कोण आहोत ते मनाशी ठरवा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. आपण खुरपायला बसलेलो असताना कुणी येऊन न विचारता फोटो काढला तर आपल्याला कसं वाटतं?

तिथून गेटवे ऑफ इंडिया जवळच आहे. १९११ साली इंग्रजांचा राजा-राणी इथं उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती १९२४ साली खुली झाली, आणि पुढं १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून परत गेली. शेजारी ताज हॉटेल. बाहेरून बघायचं आणि पुढं चालायचं. माझं स्पष्ट मत आहे की इथं अर्ध्या तासाच्या वर वेळ घालवू नये. कबुतरं आपल्याकडंपण आहेत.

मग हुतात्मा चौक. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून ज्यांनी जीव दिला त्या १०६ जणांचं स्मारक. मशाल धरलेले दोघं आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. तिथं एक मिनिट शांत उभं राहू. जवळच विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद नावाचे कापसाचे मोठे व्यापारी होते, त्यांनी पैसे दिले आणि आईचं नाव द्यायला लावलं. १८७८ साली तो पूर्ण झाला. त्या आईला दिसत नव्हतं आणि घड्याळाच्या टोल्यावरून तिला वेळ कळायची असं सांगतात. आपल्याकडं घरावर 'मातृकृपा' लिहितात आणि सातबारा बापाच्या नावावर असतो. तिथं निदान टॉवरवर तरी बाईचं नाव आहे.

दुपारी परत स्टेशनच्या बाजूला येऊ. कामा हॉस्पिटल बाहेरूनच बघायचं, आत आजारी माणसं असतात. १८८६ सालापासून हे बायकांसाठी चालू आहे. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून त्या काळी बायका अंगावर दुखणं काढायच्या. म्हणून इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची नावाच्या बाई आल्या आणि त्यांनी हे हॉस्पिटल चालवलं. याच पेचीबाईंनी रखमाबाईंना डॉक्टरकी शिकायला लंडनला पाठवायला मदत केली. रखमाबाईंचं लग्न लहानपणी झालं होतं. नवऱ्याकडं नांदायला जाणार नाही म्हणून त्यांनी कोर्टात लढा दिला, तुरुंगात जाईन पण जाणार नाही म्हणाल्या. १८९४ साली डॉक्टर झाल्या. हे ऐकल्यावर आपल्या घरातल्या बारावी झालेल्या पोरीची आठवण आली तर येऊ द्या.

आता माझी आवडती जागा. क्रॉफर्ड मार्केट म्हणतात सगळे, पण नाव आहे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ सालची. दारावर दगडात कोरलेली चित्रं आहेत, मान वर करून बघा, त्यात शेतकरी माणसं आहेत. ती लॉकवुड किपलिंग नावाच्या कलाकारानं केली. राजवाड्यावर राजे कोरतात, इथं आपली माणसं कोरलीत. आणि जोतिबांना 'महात्मा' ही पदवीसुद्धा मुंबईतच, ११ मे १८८८ ला मांडवी कोळीवाड्यात लोकांनी दिली. सरकारनं नाही, लोकांनी.

पूर्वी सगळी घाऊक फळं इथं उतरायची. १९९६ सालापासून तो बाजार वाशीला गेला. आपलं डाळिंब आता तिकडं उतरतं आणि फिरून इथल्या गाळ्यावर येतं. म्हणून इथं प्रत्येकीला एक काम आहे, ते शेवटी सांगते.

संध्याकाळी गिरगाव. चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, त्यांना अग्नी दिला तो याच वाळूत, १९२० साली. समुद्र बघून घ्या, पाय भिजवून घ्या, भेळ खा. पण गिरगावात मी तुम्हाला नेतेय ते एका साध्या चाळीसाठी. लोहाणा निवास. तिथं बघण्यासारखं काही नाही, गच्ची आहे, बस्स. १५ मार्च १९५९ ला त्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटले. भांडवल उसने आणलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. ते लिज्जत पापड.

पुढचं सांगते, कारण आपला पापड-कुरडईचा गट पहिल्याच पावसाळ्यात बंद पडला होता. त्यांचंही तेच झालं. पहिल्या वर्षी पावसात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत आणला. वर खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झालं. कुठलं मशीन नाही, अनुदान नाही. पहिल्या वर्षाची विक्री ६१९६ रुपये. तोटा आला तरी देणगी मागायची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. सुरुवातीला स्वस्त आणि महाग असे दोन प्रकार करत होत्या, मग एकच चांगला माल करायचा आणि हिशेब चोख ठेवायचा असं ठरलं. आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास बायका त्यात आहेत. पीठ घेऊन जायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचं, मजुरी घ्यायची. नफ्यात वाटा असतो, कारण मालकीण एक नाही, सगळ्या आहेत. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सिद्धिविनायक. दर्शन सगळ्यांना हवंच आहे, माहीत आहे मला. १८०१ सालचं देऊळ, पैसा दिला देऊबाई पाटील या बाईंनी. तिला मूल नव्हतं. मूल नसलेल्या बाईला आपल्याकडं ओटी भरायला बोलवत नाहीत, आणि तिनं बांधलेल्या देवळात लोक मुलासाठी नवस बोलतात. रांगेत उभ्या असताना हे आठवा. मग दादरला चैत्यभूमी, बाबासाहेबांना वंदन.

तिथून परळ, लालबाग, म्हणजे गिरणगाव. घाटावरची, कोकणातली माणसं गिरण्यांत राबली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यातले लई जण परत कामाला गेलेच नाहीत. आता त्या जागी मॉल आणि उंच इमारती आहेत. या गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. पैसे महिन्यानं मिळायचे, तोवर वाण्याकडं उधारी आणि व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेला कर्ज द्यायला लावलं. तारण म्हणून काही नव्हतं, एकीची हमी दुसरी. आपल्या बँकसखीताई तुम्हाला जे समजावून सांगतात, ते तिथं पन्नास वर्षांपूर्वी झालंय.

आता व्यवस्थेचं. लोकलमध्ये बायकांच्याच डब्यात चढायचं, उतरायचं स्टेशन येण्याआधी दाराकडं सरकायचं. पैसे दोन ठिकाणी ठेवा, अंगावर सोनं नको. आधारकार्डाची झेरॉक्स आणि माझा नंबर कागदावर लिहून ब्लाऊजात ठेवा, मोबाईल हरवला तर नंबर कागदावरच सापडतो. बाथरूमला जायचं असेल तर लाजून पोट धरून बसू नका, सांगा. सगळ्या थांबतील. पाणी कमी पिऊन दिवस काढायची आपली सवय तिथं चालणार नाही.

आणि ते काम. फुले मंडईत प्रत्येकीनं डाळिंब, बोरं आणि शेंगा चटणी यांचा भाव विचारायचा आणि वहीत लिहायचा, कुठल्या गाळ्यावर विचारला तेपण. ज्यांच्या घरी या हंगामातली पट्टी आहे त्यांनी ती येताना बरोबर आणायची. नवऱ्याकडं असेल तर मागून घ्या. परतीच्या गाडीत, झोपायच्या आधी, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचेत. जिला लिहिता येत नाही तिच्या शेजारी लिहिणारी बसेल, तशी जागा लावलीय. परवा रात्री नऊ वाजता कुर्डुवाडी स्टेशनवर, दोन वेळच्या भाकरी बांधून.