बंद दारांचा नाताळ

(वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



परदेशातल्या सणांविषयी दोन शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही वक्ती नव्हे. घडले तेवढे सांगते.

माझे माहेर सावंतवाडीचे. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राही. दिवाळीला आमचे फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई आणि नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या नि दोदोल येई. नेवरी म्हणजे आपली करंजीच! सण म्हटला की दार उघडे आणि ताट भरलेले, एवढेच मला ठाऊक.

१९९८ साली यजमानांच्या नोकरीसाठी आम्ही जर्मनीत हँबुर्गला बिऱ्हाड केले. तिथे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारून येते. बर्फ पाहण्याची मला केवढी हौस, पण पडला तो पाऊसच! तरी घरोघर लगबग दिसे. बायका दालचिनीची, व्हॅनिलाची चंद्रकोरी बिस्किटे भाजून डबे भरत. खिडक्यांत कागदी तारे लागले, जणू आपले आकाशकंदीलच. हिरव्या डहाळ्यांच्या कड्यावर चार मेणबत्त्या ठेवून नाताळापूर्वीच्या दर रविवारी एकेक अधिक लावतात. ही चाल हँबुर्गचीच. १८३९ साली विखर्न नावाच्या पाद्रीबाबांनी आपल्या अनाथाश्रमात ती सुरू केली. नाताळाला किती दिवस उरले, असे विचारून मुले त्यांना भंडावीत, असे सांगतात. दिवाळीचे दिवस मोजणारी आपली मुले मला आठवली.

चोवीस तारखेला संध्याकाळी मुलीला नवा फ्रॉक घातला आणि आम्ही रोषणाई पाहायला निघालो. पाहतो तो दुकाने बंद, बाजार उठलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही! प्रत्येक खिडकीत दिवा आणि प्रत्येक दार बंद. मुलगी म्हणाली, "आई, आपल्याला कोणीच कसं बोलावलं नाही?" मला उत्तर सुचेना. घरी येऊन वरणभात केला. खरे सांगते, त्या रात्री त्या लोकांचा मला राग आला.

सव्वीस तारखेला, म्हणजे त्यांच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, खालच्या मजल्यावरच्या आजी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. मोडक्यातोडक्या भाषेत बोलणे झाले, तेव्हा उलगडा झाला. चोवीसची संध्याकाळ तिथे घरच्या माणसांची. त्या वेळी दुसऱ्याकडे जाणे म्हणजे व्यत्यय, असे ते मानतात. भेटीगाठी पुढच्या दोन दिवसांत. शिवाय आम्ही हिंदू, आमचा हा सण नव्हे, उगाच कशाला संकोचात टाकावे, असे आजींना वाटले होते. आणि त्या रात्री आजीही एकट्याच होत्या! मुले दूरच्या गावी. वर आम्ही खट्टू, खाली त्या एकट्या; मध्ये एक जिना.

भगिनींनो, तो जिना मलाही उतरता आला असता. दिवाळीला मी करंज्या केल्या होत्या, पण 'यांना काय कळणार' म्हणून एकही खाली नेली नव्हती. मग राग कोणावर धरायचा?

पुढच्या वर्षी दिवाळीत मी ताट घेऊन खाली गेले. चोवीस डिसेंबरला आजी वर आल्या, बटाट्याची कोशिंबीर घेऊन. त्या रात्री पुष्कळ घरी हाच साधा बेत असतो, सोबत सॉसेज. आम्ही शाकाहारी म्हणून त्यांनी सॉसेज आणले नाहीत. मी नेवऱ्या केल्या.

आज हे सांगण्याचे कारण निराळे आहे. आपल्या मागच्या चाळीत केरळहून आलेल्या दोन परिचारिका मुली राहतात. गेल्या नाताळात त्या रात्रपाळी करून आल्या आणि दार लावून झोपल्या. आपण म्हटले, त्यांचा सण, त्यांचे त्या पाहतील. त्यांनी काय म्हटले असेल, ते मी ओळखू शकते.

यंदा मंडळाच्या फराळाचे एक ताट त्यांच्याकडे जावे, आणि नाताळला आपणच त्यांचे दार ठोठवावे, एवढी माझी विनंती आहे. ताट न्यायला मी येते. आणखी एकीने सोबत यावे.